हातावरचं गार दही

आधी माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि मी गेलो तरी माझ्या हातून लिहून झाले ते अर्जच. कुणाचा रेशनकार्डासाठी, कुणाचा पोराच्या दाखल्यासाठी, कुणाचा वस्तीतल्या हातपंपासाठी. 'महोदय, वरील विषयास अनुसरून' इथून पुढं माझा हात आपोआप चालतो. त्यापलीकडचं काही लिहायचं म्हटलं की थांबतो. त्यातून हे लिहायचं आहे ते एका दुकानात दही खाल्ल्याबद्दल, आणि तेही अशा उन्हाळ्यात, ज्यात आमच्या गल्लीत घागरींची रांग सकाळी लागली की दुपारपर्यंत हलत नसे. वाचणाऱ्याला हे थिल्लर वाटलं तर त्याची चूक नाही. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

तेव्हा मी लातूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. त्याआधी आमचा औसा तालुका उस्मानाबाद जिल्ह्यात होता. जिल्हा झाला त्या दिवशी फटाके वाजले, गुलाल उधळला, आणि नंतर बरेच दिवस गावात फक्त पेंटर लोकांना काम होतं. जिकडं बघावं तिकडं शिडीवर माणूस चढून जुन्या पाटीवर पांढरा हात मारत असे. त्यापाठोपाठ दुष्काळ आला. म्हणजे नवा जिल्हा आम्ही नीट बघून घेण्याआधीच तो उन्हानं करपला.

माझी खोली एका घराच्या माडीवर, पत्र्याची. दुपारी आत बसवत नसे आणि बाहेर उभं राहवत नसे. खोलीतला सोबती किनवटचा होता, आश्रमशाळेत शिकून आलेला. त्याचा मामा लातूरला एस्टीत होता म्हणून तो इकडं. जंगलातून आल्यामुळं त्याला आमचा मुलूख बघवत नसे. माझ्यासारखाच तोही त्याच्या गावातला पहिला कॉलेजवाला, पण त्याला त्याचं ओझं वाटत नसे. मला तो 'मास्तर' म्हणायचा, कारण मी झोपतानासुद्धा वही उशाला घेत असे.

माझा डबा गावाहून येई. आमच्याकडची पोरं अशीच शिकली. सकाळी घरून डबा एस्टीत ठेवायचा, ड्रायव्हरच्या मागं इंजिनाजवळ, आणि पोरानं तो स्टँडवर उतरवून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी रिकामा डबा त्याच गाडीनं परत. इंजिनाच्या उबेनं भाकरी मऊ राही आणि तिला डिझेलचा वास येई. मला अजूनही कधीकधी डिझेलच्या वासानं भूक लागते.

डबा करणारी माझी मोठी बहीण, अक्का. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. गावच्या शाळेत सातवी झाली, वर्गात पहिली होती. सातवीनंतरची शाळा औशाला. घरातून बसचा पास एकालाच काढता येणार होता, तो माझा निघाला. तिचं लग्न झालं आणि तीन वर्षांत ती परत आली. का, ते घरात कुणी बोलत नसे, मीही इथं लिहीत नाही. त्या उन्हाळ्यात ती रोजगार हमीच्या पाझर तलावावर माती वाहायला जायची. पहाटे उठून भाकरी थापायची, डबा गाडीत ठेवायची आणि तशीच पुढं तलावावर.

त्या वर्षी आमच्या वस्तीत बालवाडी निघणार असं ठरलं. तिथं बाई म्हणून गावातलीच, सातवी झालेली बाई पाहिजे होती. आमच्या वस्तीत सातवी झालेली बाई एकच होती.

अक्का फार बोलणारी नव्हती. पण मी त्या आठवड्यात घरी गेलो तेव्हा ती बुद्धविहाराच्या ओट्यावर पाच-सहा पोरं गोळा करून त्यांना हात धुवायचं गाणं शिकवत होती. गाणं तिनंच जुळवलेलं. पाणी नव्हतं, म्हणून पोरं कोरडेच हात चोळत होती. तिच्या तळहातांना मातीनं भेगा पडल्या होत्या. ती रोज रात्री त्यांना करडईचं तेल लावू लागली होती. मी विचारलं तर म्हणाली, "पोरांच्या गालाला हात लागंल. टोचंल."

अर्ज मी भरला. त्याच ओट्यावर, रविवारी, आठ-दहा माणसं भोवती उभी असताना. नवा पेन घेतला होता. एकेक रकाना मोठ्यानं वाचायचो आणि भरायचो. वडील बाजूला उभे होते आणि दर रकान्याला मान हलवत होते. शेवटी अक्कानं सही केली. शाळकरी सही, प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ. तो अर्ज घेऊन मी लातूरला आलो आणि नव्यानं उघडलेल्या एका हापिसात दिला.

मग सोमवार सुरू झाले.

सोमवारी तिथले साहेब बसत. साहेबांपर्यंत मी कधी पोचलो नाही. बाहेरच्या टेबलावर एक कारकून होते, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण कंटाळलेला. त्यांच्या मागं व्हरांड्यात लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते, काही उस्मानाबादहून आलेले, काही तिकडं जायचे. कोणते कुठले, हे त्यांनाही नेमकं सांगता येत नसे.

"कुठलं गाव म्हनलास?"

मी गाव सांगायचो.

"नाव सापडंना, बाबा. नवा जिल्हा हाय. खुर्च्या आल्यात, पंखा यायचाय. कागद बी येतील. पुढल्या सोमवारी ये."

मी खोलीवर येऊन हे सांगितलं की किनवटवाला म्हणायचा, "तुमच्या झाडांचे कागद पण तिकडंच अडकून राहिले का रे? एक पण दिसून नाही राहिलं."

अक्का कधी विचारत नसे. पण सोमवारच्या डब्यात काहीतरी जास्तीचं असे. चटणीवर तेलाची धार, नाहीतर मूठभर भाजलेले शेंगदाणे. तो डबा उघडताना मला बरं वाटत नसे.

असे सात-आठ सोमवार गेले.

गल्लीतलं ते दुकान याच सुमारास निघालं. जागा आधी सायकल दुरुस्तीची होती. घेणारा गल्लीतलाच, जुन्या मुसलमान घरातला, पन्नाशीचा माणूस. नांदेडला मेव्हण्याच्या दुकानात दही गोठवायचं काम शिकून आला होता. सगळे त्याला चाचा म्हणत. दुकानात दोन बाकं, एक आरसा आणि मधोमध ते यंत्र. यंत्र म्हणजे लाकडी पिंप, त्यात जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, उभा डबा, भोवती फोडलेला बर्फ आणि खडेमीठ, वर फिरवायचा दांडा. फडक्यात टांगून पाणी काढलेलं दही, साखर, वेलदोडा आणि थोडी साय असं त्या डब्यात घालून चाचा तासभर दांडा फिरवी. मग ते घट्ट होई. आइस्क्रीम आम्ही ऐकलेलं होतं, काहींनी खाल्लेलंही होतं. पण दही गोठवून खायचं ही गोष्ट लातूरला नवी होती. निदान आमच्या गल्लीला तरी.

पहिल्याच दिवशी घागरींच्या रांगेतल्या एका म्हातारीनं रांग सोडून दुकानासमोर येऊन कमरेवर हात ठेवले.

"माणसाला प्यायला पाणी न्हाई अन् ह्यो दही गोठवतोय!"

"अम्मा, बर्फ कारखान्याचा है. तुमच्या टँकरचा नै."

"मग त्ये वितळल्यालं पाणी तरी दे."

"खारं हाय, अम्मा. मीठ पडलंय त्यात."

"खारं तर खारं. भांड्याला तरी व्हईल."

तेव्हापासून चाचा ते खारं पाणी बादलीत भरून पायरीवर ठेवायचा आणि बायका न बोलता घेऊन जायच्या. भांडण तिथंच मिटलं.

मी त्या दुकानासमोरून रोज जायचो. तीनदा आत शिरायला निघालो आणि तीनदा माघारी वळलो. एकदा तर पायरीवर पाय ठेवला होता. आतून चाचा म्हणाला, "आओ बेटा, दरवाजे में कायको खडे?" मी म्हटलं, "वेळ काय झाली बघत होतो." दुकानात घड्याळ नव्हतं.

न जाण्याचं कारण मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. दुपारी दोनला दुकानात गर्दी असे, आणि दुपारी दोनला अक्का पाझर तलावाच्या बांधावर असे, एवढंच. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण माझे पाय वळत.

एका सोमवारी भाऊसाहेब रुमालानं मान पुसत म्हणाले, "हे बघ, ह्या आठवड्यात यादी साहेबांपुढं जाणार. बुधवारी. तुझ्या बहिणीचं नाव त्यात न्हाई आलं तर मग मला इचारू नको."

"मग आता काय करू, भाऊसाहेब?"

"काय करणार तू? एवढं ऊन हाय. त्या तुमच्या गल्लीत दह्याचं दुकान निघालंय म्हने. दुपारचं ये. गठ्ठे सोडून बघू."

मी तसाच खोलीवर आलो आणि किनवटवाल्याला विचारलं, भाऊसाहेबांच्या बोलण्याचा अर्थ काय घ्यायचा. दही खाऊ घाल असं म्हणाले का नुसतंच म्हणाले? खाऊ घातलं तर ती लाच होते का? लाच देऊन अक्काला बालवाडी मिळाली तर ती पोरांना काय शिकवणार? मी हे सगळं खरंच विचारलं. आता लिहिताना लाज वाटते, पण मी तसाच होतो.

तो चटईवर पालथा पडला होता. म्हणाला, "मास्तर, तू त्याला दही खाऊ घालायच्या आधी स्वतः खा. कामाला निघताना दही खातात का न्हाई तुमच्याकडं?"

खात असत. मी दहावीच्या परीक्षेला निघालो तेव्हा अक्कानं दारात थांबवून माझ्या उजव्या तळहातावर दही-साखर ठेवली होती. ती चाटायची आणि मागं न बघता निघायचं. वडलांना असल्या गोष्टी पटत नसत. ते म्हणाले होते, "आता हे कशाला? आपण सोडलं की हे सगळं." अक्का म्हणाली, "ह्यात देव कुठाय, आबा? दही हाय नुसतं."  पुढं बारावीलाही तिनं दही दिलं. त्या उन्हाळ्यात मात्र आमची म्हैस चाऱ्याच्या छावणीत होती आणि घरात विरजणालासुद्धा दही नव्हतं.

"दही हाय, साखर पण हाय त्याच्यात," किनवटवाला म्हणाला. "ऊठ. आज शेवटचा सोमवार. जा खाऊन."

म्हणून मी गेलो. दुपारी बारा वाजले असतील. दुकानात सात-आठ माणसं होती. मी मधे उभा राहिलो. चाचानं पिंपाचं झाकण काढलं, लांब चमचा आत घातला आणि पांढरा, वाफाळल्यासारखा दिसणारा गोळा वर काढला. आणि मी उजवा हात पुढं केला. तळहात वर, खाली डावा हात.

मला समजलंच नाही मी काय करतोय ते. समोर दह्याचा चमचा आला आणि हात पुढं गेला.

चाचा थांबला. "हाथ कायको, बेटा? कप में देतूं ना."

बाकावरचे लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "परसाद हाय व्हय रं ह्यो?" मी हात मागं घ्यायला हवा होता. पण तो तसाच राहिला. मला आठवतं ते एवढंच की कान तापले होते.

चाचानं माझ्या तोंडाकडं बघितलं. आवाज खाली आणून म्हणाला, "कुठं मोठ्या कामाला निघाला काय?"

"हाव."

त्यानं गोळ्यातलं थोडंसं दही माझ्या तळहातावर ठेवलं.

पहिल्यांदा वाटलं भाजलं. मग कळलं की गार आहे. मी ते तोंडाला लावलं. जिभेला आंबट लागलं, मग गोड, मग कपाळात कळ आली. उरलेलं विरघळून मनगटावरून कोपराकडं निघालं आणि मी सगळ्यांसमोर ते चाटलं. तळहात लाकडासारखा झाला होता. चव चांगली होती. पण खाण्याचा आनंद वगैरे काही झाला नाही. खूप चालल्यावर कुणी बसायला सांगावं तसं वाटलं, आणि लगेच पुन्हा उठायचं आहे हे आठवावं तसंही.

"एवढा शकुन करून कुणाकडं निघालाय गडी?" कोपऱ्यातून आवाज आला.

भाऊसाहेब होते. भिंतीला टेकून कप खात बसले होते. मी आत आलो तेव्हा त्यांना बघितलंच नव्हतं.

मी खरं तेच सांगितलं. "तुमच्याकडंच, भाऊसाहेब."

दुकान असं हसलं की पायरीवरची बादली उचलणारी बाई वाकून आत बघू लागली. चाचा दांडा धरून हसत होता. "अब तो करनाच पडता, साब. बच्चा दही खा के निकला."

भाऊसाहेब हसले नाहीत. कप ठेवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "चल."

हापिसात त्यांनी खरोखरच दोन गठ्ठे सोडले. अर्ज सापडला नाही. मग त्यांनी जावक नोंदवही ओढली आणि बोट खाली खाली नेत एका ओळीवर थांबवलं. त्यांनी ती मला वाचायला दिली. अक्काचं नाव होतं. पुढं लिहिलं होतं, 'जिल्हा उस्मानाबाद असल्याने परत.'

"अर्जावर जिल्हा उस्मानाबाद लिहिला होता," भाऊसाहेब म्हणाले. "म्हणून तो तिकडच्या गठ्ठ्यात गेला. लई दिवस झाले." मग विचारलं, "कुणी भरला होता?"

"मी."

"शिकतोस ना तू?"

"हाव."

"काय?"

"बी.ए."

"हां," ते म्हणाले.

मुक्काम पोस्ट आमचं गाव, तालुका औसा, जिल्हा उस्मानाबाद. पहिलीच्या पाटीपासून मी तेच लिहीत आलो होतो. जिल्हा बदलला म्हणून गुलाल अंगावर घेतलेला मीच, आणि त्या रविवारी ओट्यावर बसून, मोठ्यानं वाचत, वडलांची मान हलत असताना, जुना जिल्हा लिहिणाराही मीच. भोवतीच्या आठ-दहा माणसांपैकी कुणी टोकलं नाही. त्यांनीही तेच लिहिलं असतं. पण त्यांच्यातला कुणी कॉलेजात नव्हता.

माझी अवस्था बघून भाऊसाहेब जरा नरमले. "तू एकटा न्हाईस बाबा. निम्मा जिल्हा अजून तिकडंच ऱ्हातोय." कोरा अर्ज काढून दिला. "भर दुसरा. पण सही तिची पाहिजे. उद्या चारच्या आत."

एकची औशाची गाडी मी स्टँडवर पळत गाठली आणि गाडीतच अर्ज भरला, जिल्हा लातूर. उतरून पाझर तलावापर्यंत चालत गेलो. रस्त्याला सावली नव्हती. बांध दिसायला लागला तेव्हा त्यावरची माणसं मुंग्यांसारखी दिसत होती हे सगळेच लिहितात. मला ती माणसांसारखीच दिसली, फक्त फार हळू चालणारी. अक्का टोपलं रिकामं करून उतरत होती. मला बघून ती जागेवरच थांबली. अवेळी भाऊ आला म्हणजे काहीतरी वाईट, असं तिच्या तोंडावर होतं.

मी सगळं सांगितलं. अर्ज कुठं गेला, का गेला, कुणामुळं गेला. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ऐकून घेतलं.

"उस्मानाबाद लिव्हलं व्हय?" ती म्हणाली. "मी बी तेच लिव्हलं असतं."

मला ती रागावायला हवी होती. तिथं बांधावर मी तिच्या रागावण्याची वाट बघत उभा होतो.

तिनं टोपलं पालथं घातलं, हात लुगड्याला पुसला, पुन्हा पुसला आणि त्यावर अर्ज ठेवून सही केली. तीच शाळकरी सही. कागदावर अंगठ्याजवळ लाल मातीचा डाग पडला. तो पुसायला गेली तर पसरला. "आता?" तिनं विचारलं. मी म्हटलं, राहू दे.

"तू खाल्लंस का काई? डबा तर तिकडं गेलाय की."

डबा लातूरच्या स्टँडवर पडला असणार हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. "सोबती घेऊन जाईल," मी म्हटलं. मग खोटं बोलवेना म्हणून सांगितलं, "दही खाल्लं. दुकानातलं. गार केलेलं असतं."

"दही?" तिला ते आवडलं असं वाटलं. "हातावर?"

"हाव. हातावर."

"मग दुकानदार काय म्हनला?"

"हसला. सगळे हसले."

ती पण हसली. त्या दिवसातली एवढीच गोष्ट मला बरी वाटली. मग म्हणाली, "गार म्हंजे किती गार?"

"हात बधिर होतो."

तिनं आपला तळहात उलटा-सुलटा करून बघितला. भेगांत माती भरली होती. "मग बरंय," ती म्हणाली.

वरून मुकादम ओरडला, "ए अक्का, भाऊ आला म्हून बांध थांबायचा न्हाई!" तिनं टोपलं उचललं. "येतो म्हन, जातो म्हनू नगं," एवढं सांगून ती खाली उतरली.

मंगळवारी चारच्या आत मी अर्ज दिला. भाऊसाहेबांनी मातीच्या डागाकडं बघितलं. मग त्यांनी तो गठ्ठ्याच्या अगदी खाली ठेवला. मी विचारलं तर म्हणाले, "आधीच्यांना नंबर पडलेत. मागून आलेला मागंच लागणार."

त्यानंतर काही कळलं नाही. यादी वर गेली, वरून कुठं गेली ते भाऊसाहेबांनाही माहीत नव्हतं. त्यांची बदली निलंग्याला झाली. त्यांच्या जागी आलेल्या माणसाला मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, आणि त्यानंही मला पुढल्या सोमवारी बोलावलं. माझी परीक्षा आली. तिच्याआधी दही आलं नाही, कारण घरी अजूनही विरजण नव्हतं. किनवटवाला मला ओढत दुकानात घेऊन गेला तर तिथं झाकण घातलेलं पिंप आणि भिंतीला टेकून बसलेला चाचा. बर्फाच्या कारखान्याचं पाणी तोडलं होतं. "बारिश के बाद आना," तो म्हणाला. आम्ही तिघं बाकावर बसून राहिलो. 

मी पेपर लिहिले. पहिल्या पेपराच्या पानावर पत्ता नव्हता, फक्त नंबर लिहायचा होता, तरी मी तो तीनदा तपासला. घरी जाणं मी टाळत होतो. अभ्यास आहे असं सांगायचो. खरं म्हणजे अक्का विचारणार नाही, याचीच मला भीती वाटत होती.

शेवटच्या पेपराच्या दुसऱ्या दिवशी मी डबा घ्यायला स्टँडवर गेलो. गाडीतून आमच्या वस्तीतला एक चुलता उतरला. बियाण्याची चौकशी करायला आला होता. मला बघून लांबूनच ओरडला, "अरं, पेढे कुठायत? तुला ठावं न्हाई का? तुझी अक्का लागली की!"

"बालवाडीवर?"

"तर! सोमवारपासून जाती. विहाराच्या मागच्या खोलीत भरती."

 मग मी विचारलं, "बाई म्हणून?"

"न्हाई, न्हाई. बाई वरच्या आळीतली हाय, एक सून. पोरगीच हाय, हिच्याहून ल्हान. तिचा अर्ज आधी लागला म्हनं. अक्का मदतनीस." त्यानं पिशवी खांद्यावर नीट घेतली. "पोरं घरोघर जाऊन गोळा करती, पाणी भरती, सुकडीचा खाऊ वाटती. माती वहायची सुटली, आनिक काय पायजे? यादीत नाव व्हतं तिचं. सगळ्यात शेवटी व्हतं, पर व्हतं."